पोटॅशियम चॅनेल: वाहिनी, नलिका की मार्गिका?

प्रश्न असा आहे: रोगप्रतिकारक पेशींवरच्या लेखाचा अनुवाद करताना 'पोटॅशियम चॅनेल'ला 'वाहिनी' म्हणावं की 'नलिका'? आणि 'रेग्युलेशन' म्हणजे नियंत्रण की नियमन?

मी 'मार्गिका' वापरेन. 'वाहिनी'त वाहून नेणं आलं, आणि पेशीपटलात खरोखर वाहून नेणारी प्रथिनं वेगळीच असतात. ती रेणूला धरतात, आपला आकार बदलतात आणि त्याला पलीकडे सोडतात. त्यांना आपण 'वाहक' म्हणतो. एकाच परिच्छेदात वाहक आणि वाहिनी आले, की वाचकाला ते एकाच शब्दाचं पुल्लिंग-स्त्रीलिंग वाटतं. चॅनेल काहीच वाहून नेत नाही. ते पेशीपटलातलं दार असलेलं भोक आहे. पेशीत पोटॅशियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल, बाहेर जेमतेम ४-५. दार उघडलं की सेकंदाला लाखो आयन उताराने निघतात. (शिवाय टंकताना एक काना राहिला, की 'पोटॅशियम वहिनी' अवतरतात.) 'नलिका' अगदीच चूक नाही, पण नळी जे येईल ते जाऊ देते. मार्गिका निवड करते.

ही निवड करणाऱ्या भागाला (इंग्रजीत 'सिलेक्टिव्हिटी फिल्टर') 'गाळणी' म्हणण्याचा मोह टाळा. गाळणीतून बारीक ते खाली पडतं, जाड वर राहतं. इथे उलटं: सोडियम आयन लहान असून अडतो, पोटॅशियम मोठा असून जातो. आत शिरताना आयनाला भोवतालचं पाणी सोडावं लागतं. त्या पाण्याची जागा भिंतीतले ऑक्सिजन घेतात, आणि ते पोटॅशियमच्याच मापाचे बसवलेले असतात. सोडियमला त्यांचा नीट आधार मिळत नाही. 'निवडछिद्र' चालेल.

आता नियमन. टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींपैकीच एक; तिच्यात पोटॅशियमच्या दोन मार्गिका महत्त्वाच्या. केव्ही १.३ पटलावरचं विभवांतर (आतल्या-बाहेरच्या विद्युतदाबातला फरक) बदललं की उघडते, केसीए ३.१ आत कॅल्शियम वाढलं की, कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम ओळखणाऱ्या प्रथिनामार्फत. कॅल्शियम येताना धनप्रभार घेऊन येतं, आणि तो साचत गेला तर पुढच्या कॅल्शियमची ओढ कमी होते. पोटॅशियम बाहेर पडून तो प्रभार फेडतं. म्हणून कॅल्शियम येत राहतं, कॅल्सिन्युरिन हे विकर जागं होतं, एनएफएटी हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि इंटरल्युकिन-२ या टी पेशींना वाढवणाऱ्या संदेशक प्रथिनाचं जनुक चालू होतं. पेशी आपलंच आपण जमवते आहे, तेव्हा 'नियमन'. 'नियंत्रण' म्हटलं की बाहेरून कुणीतरी लगाम धरल्यासारखं वाटतं.

अनुवादात सर्वाधिक घोळ मात्र 'बंद' या शब्दाने होतो. केव्ही १.३ तीन तऱ्हांनी थांबते. विभवांतर मूळ पातळीवर आलं की दार लागतं: ही 'बंद'. विध्रुवण (म्हणजे विभवांतर मूळ पातळीवरून घटणं) लांबलं तर दार उघडं असूनही निवडछिद्राशी वाट मिटते: ही 'निष्क्रिय'. त्यातून सावरायला वेळ लागतो, त्यामुळे लागोपाठ उद्दीपन दिलं तर प्रवाह दर खेपेला घटतो. तिसरी 'अवरुद्ध': एका समुद्रफुलाचं एसएचके हे ३५ अमिनो आम्लांचं विष बाहेरून येऊन बसतं आणि त्याचं २२व्या जागेवरचं अमिनो आम्ल, लायसीन, बुचासारखं छिद्रात जातं. दाराला ते हातही लावत नाही. म्हणून 'एसएचकेमुळे केव्ही १.३ बंद होते' असं न लिहिता 'एसएचके केव्ही १.३ चं तोंड बुजवतं' असं लिहा.