प्रिंटर घ्या हो, पण आधी ते कार्ड

नाशिकच्या एका वाचकांचा मेल आलाय. वय 34, हातात पगार 62 हजार, घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. गोदाघाटाचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढतात, लॅबवाला प्रिंट हिरवट देतो म्हणून वैतागलेत. विचारतायत की घरी छापायला दहा शायांचा कॅनन प्रो-300 घ्यावा (90 हजार, क्रेडिट कार्डावर नो-कॉस्ट ईएमआय), का कॅननचाच बाटलीतून शाई भरायचा टँकवाला जी570 (25 हजार). आणि मग अगदी खाली, ता. क. मध्ये: कार्डावर लेन्सचे 1 लाख 40 हजार बाकी आहेत "पण मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) वेळेवर भरतो", 1 लाख 20 हजारांची एफडी आहे ती मोडायची नाही, आणि टॅक्स वाचवायला वर्षाला 60 हजारांची पॉलिसी चालू आहे, तीन हप्ते भरून झालेत.

अहो, खरा मेल त्या ता. क. मध्येच आहे.

कार्डाच्या त्या बाकीवर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 4,900 रुपये व्याज, वर 18 टक्के जीएसटी, झाले 5,800. तुम्ही भरता 7,000. म्हणजे मुद्दल हललं 1,200 रुपयांनी! वर्षाला 69-70 हजार नुसतं व्याज जातंय आणि तिकडे एफडी साडेसहा टक्क्यांनी 7,800 रुपये देतेय, तिला तुम्ही देव्हाऱ्यात ठेवलंय. उद्या बँकेत जा, मोडा ती, दंड कापला जाईल हजारभर तर जाऊ दे, आणि 1 लाख सरळ कार्डात भरा. बाकी असलेल्या कार्डावर नवी खरेदी केली की पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, तो 50 दिवसांचा मोफत काळ तुमच्यासाठी केव्हाच संपलाय, तेव्हा किराणासुद्धा त्यावर नको. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज डिस्काउंट म्हणून वजा दाखवतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी.

आता पॉलिसी. "बँकेतल्या ओळखीच्या माणसाने दिली" असं लिहिलंयत, हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा वाचतो. 15 वर्षं 60 हजार भरायचे, विसाव्या वर्षी साधारण 15 लाख मिळणार. ऐकायला भारी, हिशोबाने जेमतेम 4 टक्के. पीपीएफ 7.1 देतं. विमा किती, तर 6 लाख, म्हणजे तुमच्या नंतर घर दहा महिने चालेल. आणि टॅक्स? तुम्ही नव्या टॅक्स रिजीममध्ये आहात, तिथे 80सी ची, म्हणजे अशा हप्त्यांवरची, सूट नाहीच, शिवाय या पगारावर तुम्हाला टॅक्सच बसत नाही. मग वाचवलं काय? त्या माणसाचं टार्गेट.

आधी 1 कोटीचा टर्म, म्हणजे नुसता जीवनविमा, घ्या, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास जाईल. तो हातात आल्यावरच जुनी सरेंडर करा (मुदतीआधी बंद करून पैसे परत घ्या), आधी नाही. 1 लाख 80 हजार भरलेत, परत साठेक हजार येतील, दुखेल. पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच राहू दिली, तर 17 वर्षांनी 1 लाख 20 हजार आणि थोडा बोनस, पण इथे 42 टक्क्यांचं कर्ज पेटलेलं असताना त्यासाठी कोण थांबणार? साठातले 40 कार्डात, कार्ड संपलं, उरलेले 20 आणि एफडीचे 20 अडीअडचणीला.

प्रिंटर. तुमची हिरवटपणाची तक्रार खरी आहे. लॅबमध्ये रंगीत कागदावर तीन रंग मिसळून राखाडी करतात, जरा बॅलन्स हलला की हिरवट नाहीतर जांभळट. साध्या चार शायांच्या इंकजेटचं पण तेच रडगाणं. जी570 मध्ये राखाडी शाई वेगळी आहे त्यामुळे ग्लॉसी-लस्टर कागदावर चांगलंच न्यूट्रल येतं, छटा मारत नाही, डाय शाई (उजेडात उडणारी) आहे म्हणून काचेमागे आणि उन्हापासून लांब टांगायचं एवढंच. मॅट कॉटन कागदावर मात्र तिचा काळा फिका पडतो, तिथे प्रो-300 ची पिगमेंट (बारीक रंगकणांची) शाई आणि वेगळा मॅट काळा जिंकतो, वादच नाही. पण त्याची कार्ट्रिजं 14.4 मिलीची, एकेक हजाराच्या वर, आणि मशीन पडून राहिलं की शाई फवारणारं हेड साफ करण्यात शाई पितं. रोज छापणाऱ्याचं काम ते. तुम्ही गेल्या वर्षी किती प्रिंट काढले? तुम्हीच लिहिलंय, 70. लॅबच्या 60 रुपयांनी 4,200. तुमच्या कार्डाच्या एका वर्षाच्या व्याजात असे अकराशे प्रिंट येतात.

"महिन्याला 20 प्रिंट 800 ला विकले की ईएमआय निघेल" हे तर राहू द्याच. दोन वर्षांत सहा विकलेत, त्यातले चार नातेवाइकांना. मावशी दरमहा घाटाचा फोटो घेणार आहे का?

मिनिममचे 7 आणि पॉलिसीचे 5 असे महिना 12 हजार मोकळे होतात, टर्मचे बाजूला काढून साडेदहा उरतात. सहा महिन्यांत 63 हजार. अर्धे अडीअडचणीच्या खात्यात, अर्ध्यात जी570 रोखीने आणि वर सहा-सात हजारांचा कागद. घ्यायच्या आधी तुमचीच एक फाइल पेन ड्राइव्हवर नेऊन दुकानातल्या डेमो मशीनवर काढा, घरी आणा, ट्यूबलाइटखाली आणि खिडकीशी बघा. घेतल्यावर आठवड्याला एक तरी प्रिंट काढाच, टँकवाल्याचं हेडही सुकतं.

आणि पॉलिसीचा बाँड काढून सरेंडर व्हॅल्यूचा तक्ता बघा, चौथा हप्ता ऑटो-डेबिटवर असेल तर तो आजच बंद करा.