दोन लिटरची बाटली

जून संपत आला की नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतं. "मॅडम, नव्या शाळेत जाऊन पंधरा दिवस झाले, अजून एकही मैत्रीण नाही हो." कधी इंदिरानगरची आई असते, कधी सातपूरला बदली होऊन आलेले वडील. एकदा पंचवटीतून एक आजोबा आले होते, नातवाला खाली रिक्षातच बसवून! यंदा हे वाक्य इतक्या वेळा कानावर आलं की म्हटलं, एका मुलीबद्दल लिहूनच टाकावं. नाव देत नाही, आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत.

मुलगी आठवीतली, बागलाण तालुक्यातल्या एका गावची. गावातली शाळा सातवीपर्यंतच. त्यात वडिलांना अंबडच्या एमआयडीसीत काम मिळालं, म्हणून सगळं बिऱ्हाड नाशिकला आलं. शाळेने पहिले तीन दिवस ओरिएंटेशन ठेवलं होतं. गळ्यात नावाची पट्टी, शाळा फिरून बघायची, खेळ, आणि प्रत्येकाने उभं राहून नाव नि आवड सांगायची. हिची पाळी आली. "माले चित्र..." म्हणाली आणि वर्ग हसला. अहिराणी बोलीत 'मला'चं 'माले' होतं. घरात दिवसभर तेच बोललं जातं, तोंडून तेच येणार. चित्र काढायला आवडतं हे वाक्य तसंच राहिलं, ती खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पोटात दुखायला लागलं.

पहिल्या भेटीत मी चूक केली. वीस वर्षं हे काम करतेय, तरी केली. म्हटलं, "मधल्या सुट्टीत एखाद्या घोळक्यापाशी जा, हस, आणि विचार, मी बसू का तुमच्यात?" पोरगी गुणी. तिने शब्दन् शब्द तसं केलं. मुली एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "हं, बस ना," आणि पुन्हा आपापसात बोलायला लागल्या. ही डबा मांडीवर ठेवून घंटा होईपर्यंत बसून राहिली. परवानगी मागायला लावून मीच तिला परीक्षेला बसवलं होतं. समोरच्यांना 'हिला घ्यायचं की नाही' हा प्रश्न पडलाच नव्हता, तो आम्ही त्यांच्या हातात नेऊन दिला.

दुसऱ्या भेटीला ती सरळ शाळेतून आली, दप्तरासकट. खुर्चीत बसताना दप्तर टेकवलं तर धप्प आवाज झाला. बाजूच्या कप्प्यात मावेना म्हणून पुस्तकांच्या मध्ये आडवी कोंबलेली पाण्याची बाटली होती. दोन लिटरची.

"एवढं पाणी लागतं तुला?"

आईच म्हणाली, "मीच भरून देते मॅडम. शाळेतलं पाणी कसं असतं कोणास ठाऊक. दिवसभर पुरतं तिला."

"शाळेत पाण्याची सोय कुठे आहे?" मी मुलीला विचारलं.

"जिन्याखाली. नळ आहेत. फिल्टरचे."

"तिथे कोण असतं?"

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "सगळेच असतात. दर तासाला कोणीतरी जातंच. तिथेच उभं राहून बोलतात."

"आणि तू?"

"माझ्याकडे पाणी असतं ना."

खरं सांगते, अशा वेळी अंगावर शहारा येतो. आठवडाभर मी या मुलीच्या मनात शिरायची वाट शोधत होते आणि वाट होती दप्तरात. सकाळी सव्वासातला बाकावर बसायचं, बाक शेवटचा, खिडकीकडच्या कोपऱ्यातला, जिथून कोणी ये-जा करत नाही. डबा तिथेच, पाणी तिथेच, सुटेपर्यंत उठायचं कारणच नाही. तिला वाटत होतं आपण कोणाला आवडत नाही. पण आवडण्या-नावडण्याइतकी ती कोणाच्या वाटेतच आली नव्हती.

यावर एक जुना अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या आवारात विवाहित विद्यार्थ्यांची वसाहत होती. तिथे कोणाची कोणाशी मैत्री झाली हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तपासलं, 1950 साली ते प्रसिद्ध झालं. स्वभाव, आवडीनिवडी वगैरे सगळं बाजूला राहिलं. मैत्री झाली ती शेजारच्या दाराशी. जिन्याच्या पायथ्याशी घर असलेल्यांच्या तर वरच्या मजल्यावरही ओळखी झाल्या, कारण येता-जाता लोक त्यांना दिसत होते. आपल्याकडे वाड्यात आणि चाळीत हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. नळावर भांडणंही व्हायची आणि सोयरीकही जमायची.

तर बाटली बदलली. अर्ध्या लिटरची. आईला ते पटायला दहा मिनिटं लागली, फिल्टरची खात्री शाळेत फोन करून घेतली तेव्हा कुठे पटलं. मुलीला सांगितलं, मैत्रीण करायची नाही. बोलायचंही नाही, नको वाटलं तर. फक्त पाणी भरायला जायचं आणि आठवड्यात दहा नावं आणायची.

"नावं?"

"तू म्हणालीस सगळे हसले. किती जण आहेत वर्गात?"

"एक्कावन्न."

"त्यातल्या किती जणांची नावं येतात?"

तिने बोटांवर मोजली. दोन.

"म्हणजे ज्यांची नावंही माहीत नाहीत त्यांनी तुला काय ठरवलंय, ते मात्र तुला माहीत आहे."

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघू लागली.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, ते लपवत नाही. आपल्याला छळतो तो मराठीतला छोटा 'च', असं मी म्हणते. मैत्रीण झाली तर बरं, ही इच्छा. झाली'च' पाहिजे, आणि ओरिएंटेशन संपायच्या आतच, हा हट्ट. हट्ट पुरा होईना की पोट दुखतं. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला भयंकर घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभर रोज जाऊन, बाकावर बसलेल्या शंभरेक अनोळखी मुलींशी बोलायचा पण केला आणि पुरा केला. (हे आज कोणी करू नये, उगाच पोलीस यायचे!) ही गोष्ट मी तिला सांगितली.

"मग झाली का त्याला मैत्रीण?"

"एक भेटायला तयार झाली. ती आलीच नाही."

पोरगी खुदकन हसली. पण एलिस यांची भीती मात्र गेली होती, कारण शंभर वेळा काहीही भयंकर घडलं नव्हतं. हेही तिला सांगितलं. तिने ते कितपत ऐकलं माहीत नाही, ती अजून हसत होती.

इतक्यात आईने विचारलं, "पण मॅडम, एक तरी घट्ट मैत्रीण व्हायला किती दिवस लागतील?" रोज संध्याकाळी दार उघडताच हाच प्रश्न असायचा, "आज झाली का कोणी?" मी काही बोलायच्या आत मुलगीच वळून म्हणाली, "तुले झाली का?"

आई हातातल्या पिशवीचे बंद पिळत राहिली. "चौथ्या मजल्यावरच्या बाई बोलतात कधीकधी," म्हणाली. नाव विचारलं तर माहीत नव्हतं.

मग गृहपाठ दोघींना. आईला बिल्डिंगमधली पाच नावं, आणि तीन आठवडे तो संध्याकाळचा प्रश्न बंद. विचारायचंच असेल तर "डब्यातलं काय उरलं, कोणी काय आणलं होतं?" असं विचारा म्हटलं. मुलं डब्यावरून बोलायला लागतात आणि माणसांपर्यंत येतात.

पुढच्या आठवड्यात मुलीने अकरा नावं आणली, एक जास्तीचं. नळावर एकीने तिच्या हातावरचं पेनने काढलेलं मोराचं चित्र बघितलं होतं. आषाढीच्या दिंडीसाठी पुठ्ठ्याची पालखी रंगवायची होती, तिथे बोलावणं आलं. रंग कालवताना कोणी कोणाला 'मी बसू का' विचारत नाही. तुमच्या मुलाला काही येत असेल, चित्र, कॅरम, हार्मोनियम, तर वर्गशिक्षकांच्या कानावर घालून ठेवा. मैत्री करून द्या असं मात्र सांगू नका, फक्त काम द्या म्हणा.

'माले'चं काय झालं? ते तिचं टोपणनाव झालं. आई चिडली होती, शाळेत जाऊन तक्रार करणार होती. मी मुलीला दोन गोष्टी विचारल्या. ते हाक मारतात तेव्हा तुलाही हसू येतं का? आणि 'नको' म्हटलंस तर थांबतात का? ती म्हणाली, एक मुलगा थांबत नाही. मग त्या एका मुलापुरतं बाईंना सांगितलं, बाकीच्यांना हाक मारू दिली. चेष्टा आणि छळ यांतला फरक मला तरी याहून सोपा सांगता येत नाही.

पालकांनो, पहिला महिना पोट दुखेल, रविवारी संध्याकाळी चेहरा पडेल, चालतं. पण महिना उलटूनही झोप-जेवण बिघडलेलं असेल, मूल शाळेचं नाव काढलं की थरथरत असेल, अंगावर मार किंवा वह्या फाटलेल्या दिसत असतील, तर बाटली बदलून भागणार नाही. शाळेशी बोला, समुपदेशकाकडे या. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा 14416 या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

शेवटच्या भेटीला आई एकटीच आली. चौथ्या मजल्यावरच्या बाईंचं नाव सांगितलं, त्यांच्याकडून भाकरीचं पीठ आणल्याचंही सांगितलं. मग एकदम तक्रारीच्या सुरात म्हणाली, "महिन्यात दुसरी बाटली हरवली बघा मॅडम तिने. विचारलं तर म्हणते, कोणाच्याही बाटलीतून पिते."