ड्रम कोअरची, म्हणजे मैदानावर कवायत करत ब्रास आणि ड्रम वाजवणाऱ्या पथकांच्या स्पर्धेची, अंतिम फेरी पहिल्यांदाच बघणार आहोत. कुठला संघ सरस हे सामान्य प्रेक्षकाने कसं ओळखावं?

मैदानाच्या मधल्या, ५० यार्डाच्या रेषेजवळची पण शक्य तितकी वरची जागा घ्या आणि आवाज किती मोठा यापेक्षा सगळे एकदम थांबतात का, ते बघा. डीसीआयच्या (ड्रम कोअर इंटरनॅशनल, ही स्पर्धा भरवणारी संस्था) १०० गुणांपैकी ४० एकूण परिणामाला असतात, ३० संगीताला आणि ३० दृश्याला, म्हणजे कवायत, हालचाली आणि झेंडेवाल्यांना. खालच्या रांगेतून समोरचे मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) आणि स्पीकर बाकी सगळं गिळून टाकतात, आकृत्या तर दिसतच नाहीत. कान लावायचा तो सुरावटीच्या शेवटाला: चांगल्या संघाचे ब्रासवाले सूर कापल्यासारखा सोडतात, कच्च्या संघात एखादा ट्रम्पेट मागे रेंगाळतो. स्नेअरच्या (तडतडत्या आवाजाचा छोटा ड्रम) रांगेत आठ-दहा जण एकच माणूस वाजवतोय असं वाटलं पाहिजे. टिपरीचा एक जरी फटका मागेपुढे झाला तरी ‘तडतड’ ऐकू येते. धावत दिशा बदलताना वाजवणं डळमळलं नाही, तर तिथे मनातल्या मनात गुण वाढवा. एक मात्र आहे, वरच्या दोन-तीन संघांत कोण पुढे हे तुमच्या कानांनी ठरेलच असं नाही. २००८ सालच्या अंतिम फेरीत फँटम रेजिमेंटने ब्लू डेव्हिल्सना ९८.१२५ विरुद्ध ९८.१०० असं, फक्त ०.०२५ गुणाने हरवलं. शिवाय अंतिम फेरी जिथे होते त्या इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये आवाज घुमतो, त्यामुळे लांबून ऐकू येणारी प्रत्येक गडबड वाजवणाऱ्यांचीच असते असं धरू नका.