रॅमच्या किमतीएवढे व्याज, दर महिन्याला

प्रश्न : माझा डेस्कटॉप २०१४ चा आहे, चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. घरूनच दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे भरून देतो, महिना ४५ हजार सुटतात. ८ जीबी रॅम १,८०० रुपयांत बसते; नवा संगणक ४२ हजारांना ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर मिळेल. ७० हजारांची ठेव मोडायची नाही. हात जरा आखडला आहे, कारण बँकेतल्या ओळखीच्या अधिकाऱ्याने ‘एफडीसारखीच’ म्हणून दिलेल्या विम्याचा (दहा वर्षे हप्ते, विसाव्या वर्षी १० लाख) ५० हजारांचा दुसरा हप्ता क्रेडिट कार्डाने भरला. कार्डावर ४८ हजार बाकी आहेत, पण किमान रक्कम न चुकता भरतो. रॅम घ्यावी की संगणक?
— एक वाचक, कराड

उत्तर : रॅम घ्यावी. आपली विंडोज ३२-बिट असेल तर ती ४ जीबीपलीकडची रॅम वापरणार नाही, हे आधी पाहावे, आणि पट्टी डीडीआर३ या जुन्या प्रकारचीच मागावी; डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही. सोबत हार्ड डिस्कच्या जागी लहानशी एसएसडी (वेगवान साठवण) बसवली, तर संगणक सुरू होण्यातला फरक रॅमपेक्षाही अधिक जाणवेल. मात्र विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. लोकांचे पॅन आणि पासवर्ड ज्या यंत्रावर आहेत, ते वर्षभरात बदलावेच लागेल.

आता आपण न विचारलेल्या गोष्टीकडे वळतो. कार्डाचे व्याज महिना साडेतीन टक्के धरले, तर ४८ हजारांवर १,६८० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास दोन हजार होतात. ज्या रॅमसाठी आपण पत्र लिहिलेत, तिच्या किमतीहून थोडे अधिकच आपण दरमहा व्याजापोटी बँकेला देत आहात. ‘न चुकता’ भरलेल्या किमान रकमेने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही.

आणि हे कर्ज कशासाठी? दहा वर्षे ५० हजार भरून विसाव्या वर्षी १० लाख, म्हणजे पाच लाख सरासरी साडेपंधरा वर्षांत दुप्पट. परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. ही एफडी नव्हे, आणि तशी सांगून ती विकणाऱ्या अधिकाऱ्याची ओळख आपल्याला महागात पडली आहे. वर्षाला बेचाळीस टक्क्यांनी पैसे उचलून साडेचार टक्क्यांत गुंतवण्याच्या या व्यवहाराला कोणत्याही आशेचे ठिगळ लागणार नाही.

ठेव आजच मोडून कार्ड पूर्ण फेडावे. मुदतीआधी मोडल्याचा दंड बहुधा एका महिन्याच्या कार्डव्याजापेक्षाही कमी असेल. तिसऱ्या हप्त्याआधी कंपनीकडून सरेंडर (विमा बंद करून आता मिळणारी) आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता विमा तसाच ठेवल्यास मुदतीअंती मिळणारी) या दोन्ही रकमा लेखी मागवाव्यात. दोन हप्त्यांनंतर सरेंडर केल्यास हाती साधारण ३० हजार येतील असे धरू; ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांत ही रक्कम बरीच अधिकही असू शकते. पेड-अप ठेवल्यास आणि दोन-दशांशाचा (दहापैकी दोन हप्ते भरले म्हणून) हिशेब लागू झाल्यास अठरा वर्षांनी दोन लाख, म्हणजे त्या ३० हजारांवर अकरा टक्क्यांच्या जवळपास. आकडे असेच आले तर सरेंडरची घाई करू नये, पुढचे हप्ते मात्र थांबवावेत. घरात आपल्यावर अवलंबून कोणी असेल, तर त्याआधी साधा टर्म विमा (केवळ मृत्यूनंतर रक्कम देणारा) हाती असावा, कारण पेड-अपमध्ये विमासंरक्षणही घटते.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांचा विचार तूर्त सोडावा. व्याज बहुधा किमतीत मिसळलेले किंवा सवलतीतून वळते केलेले असते. रॅमही रोखीनेच घ्यावी, कारण बाकी असलेल्या कार्डावरील नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागते.