यशयाचा ५३वा अध्याय खरंच लपवला का?

प्रश्न : ताई, आमच्या प्रार्थनासभेत एका पाहुण्या उपदेशकांनी सांगितलं, की बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५३व्या अध्यायात येशूचं वर्णन इतकं उघड आहे की यहुद्यांनी तो अध्याय सभास्थानात वाचणंच सोडलं, आणि ‘दुःख सोसणारा सेवक म्हणजे इस्राएल’ हा अर्थ राशी नावाच्या पंडिताने पुढे शोधून काढला. हे खरं आहे का?

उत्तर : नाही. आणि हे इतक्या सहज बोललं जातं याचं मला वाईट वाटतं, कारण ‘यहुदी शास्त्र लपवतात’ या आरोपापायी त्या लोकांनी शतकानुशतकं फार सोसलं आहे.

कुठलाही तनाख, म्हणजे यहुद्यांचं पवित्र शास्त्र, उघडा, अध्याय जागच्या जागी आहे. १९४७ साली मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत सापडलेली यशयाची मोठी गुंडाळी येशूच्या जन्माआधीची. तिच्यातही तो आहे.

मग सभास्थानात का वाचत नाहीत? शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, तोराच्या (मोशेच्या पाच ग्रंथांच्या) वाचनानंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला एक वेचा वाचतात, त्याला हफ्तारा म्हणतात. मंदिराच्या विनाशाचा उपवास झाला की पुढचे सात शब्बाथ यशयातले सांत्वनाचे वेचे असतात. त्यांतला एक ५२:१२ला थांबतो आणि पुढच्या आठवड्याचा ५४:१पासून सुरू होतो. मधली रिकामी जागा डोळ्यात भरते, हे मान्य. पण या सात वेच्यांचा क्रमच मुळात सरळ नाही. ५४:११पासूनचा वेचा आधी येतो आणि मग वाचन मागे ५१व्या अध्यायाकडे वळतं. संदेष्ट्यांच्या ग्रंथांचा बराच मोठा भाग हफ्तारात येतच नाही. तोही सगळा लपवलेला म्हणायचा का?

आता राशी. त्यांचा काळ १०४० ते ११०५. पण ख्रिस्ती पंडित ओरिजेन यांनी इ.स. २४८च्या सुमारास ख्रिस्ती धर्माचा टीकाकार केल्सस याला उत्तर देताना लिहून ठेवलंय, की आपण यहुदी विद्वानांशी वाद घातला तेव्हा ते हे वर्णन विखुरलेल्या सबंध लोकांना लावत होते. म्हणजे राशींच्या आधी आठशे वर्षं.

तुमच्या उपदेशकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या अरामी तर्गुमात, म्हणजे शास्त्राच्या अरामी भाषांतरात, ५२:१३च्या सेवकाला मशीहाच म्हटलंय. फक्त त्याच्या वाट्याचं दुःख तिथे इतरांवर वळवलेलं आहे. यहुदी परंपरेत एकच अर्थ होता, असं कुणी म्हणू नये.

खरा वाद ५३:५मधलं ‘आमच्या अपराधांमुळे तो घायाळ झाला’ हे कोण म्हणतंय, यावर आहे. ख्रिस्ती वाचक म्हणतात, हे पापाची जाणीव झालेले लोक, आपण सगळे. यहुदी वाचक ५२:१५वर बोट ठेवतात : तिथे परराष्ट्रांचे राजे थक्क होऊन गप्प होतात, आणि पुढचं बोलणं त्यांचंच. इस्राएलला आपण तुच्छ लेखलं, हे त्यांना उशिरा उमगतं. मला हे वाचन बळकट वाटतं. पण ५३:८मधले ‘माझे लोक’ हे शब्द तिथे अडतात, हेही खरं : अनेक राजे बोलत असतील, तर ‘माझे’ कोण म्हणतंय?

नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या ८व्या अध्यायात हाच भाग वाचणारा कूशी अधिकारी येशूचा अनुयायी फिलिप्प याला हेच विचारतो : संदेष्टा हे स्वतःविषयी म्हणतो की दुसऱ्या कुणाविषयी?

तुमच्या मंडळीत पुन्हा विषय निघाला, तर ५३:१पासून नको, ५२:१३पासून वाचा. सेवकाचं वर्णन तिथून सुरू होतं. त्याआधी ४९वा अध्याय वाचा. तिसऱ्या ओवीत देव इस्राएललाच आपला सेवक म्हणतो, आणि सहाव्या ओवीत हाच सेवक इस्राएलला परत आणणार आहे. या दोन ओव्यांचा मेळ दोन्ही बाजूंना घालावा लागतो.