लक्झेंबर्गला येण्यापूर्वी

पुण्यातील नोकरी सोडून पत्नी आणि सात वर्षांच्या मुलीसह लक्झेंबर्गला यावे का, आणि हा देश नेमका आहे तरी कसा, असे आपण विचारले आहे. पगाराचा आकडा आपल्यापुढे आहेच. म्हणून मी माणसे, घर आणि शाळा यांविषयीच अधिक लिहितो.

क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहूनही कमी. इतिहास ९६३ साली सरदार सिगफ्रिडने मिळवलेल्या खडकावरील गढीपासून सांगतात. पुढे तिथे उभा राहिलेला किल्ला इतका बळकट होता की १८६७ च्या लंडन तहात तो पाडण्याचीच अट घातली गेली. १८३९ मध्ये अर्ध्याहून अधिक मुलूख बेल्जियमकडे गेला होता आणि शेतीवर पोट भरेना म्हणून इथलेच लोक अमेरिकेची वाट धरत. इथल्या फॉस्फरसयुक्त लोहखनिजापासून चांगले पोलाद करण्याची पद्धत १८७९ नंतर आली, तेव्हा कुठे दक्षिणेत पोलादाच्या भट्ट्या पेटल्या आणि कामाला इटालियन, नंतर पोर्तुगीज मजूर आले. पोलादाला उतरती कळा लागल्यावर बँका आणि गुंतवणूक फंडांनी देश सावरला. दक्षिणेतील बेलव्हालला विझलेल्या झोतभट्ट्यांच्या पायथ्याशी आज विद्यापीठ भरते.

मात्र माणसे बाहेरून आणण्याची रीत तशीच आहे. रहिवाशांपैकी जवळपास निम्मे परदेशी आहेत, शिवाय दोन लाखांहून अधिक लोक रोज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून कामाला येतात. सीमेपलीकडे राहण्याचे एक मोठे कारण इथल्या घरांच्या किमती. भाड्याचा हिशेब केल्याशिवाय पगारावर भाळू नये. बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग २०२० पासून सर्वांना मोफत आहे, त्यामुळे थोडे लांब राहिले तरी चालते.

खरी कसोटी मुलीची आहे. पावाच्या दुकानात फ्रेंच, मैदानावर मुलांच्या तोंडी लक्झेंबर्गिश, आणि सरकारी शाळेत परंपरेने अक्षरओळख जर्मनमधून! सातव्या वर्षी हे सारे एकदम अंगावर येते. इंग्रजी विभाग असलेल्या मोफत सरकारी शाळाही आहेत. तिथे आधी प्रवेशाची चौकशी करावी आणि घर मग शोधावे, हा क्रम माझ्या मते उलटू नये. नागरिकत्वासाठी पाच वर्षांचे वास्तव्य आणि लक्झेंबर्गिशची परीक्षा लागते. ते घेतल्यास भारतीय नागरिकत्व सोडावे लागेल, हेही घरी आधीच बोलून ठेवा.