पाच लाख एकदम, की दर तिमाहीचं व्याज?

प्रश्न : वय ६३, निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर. पेन्शन ३१ हजार, घर स्वतःचं, ठेवी २६ लाख, मेडिक्लेम ३ लाखांचा, गुडघ्याचं ऑपरेशन कधीतरी करायचं आहे. सुदानमधल्या निर्वासितांसाठी ५ लाख एकरकमी द्यावेत असं मनात आहे. माझे वडील इथल्या जवळच्या वळिवड्याच्या छावणीत पोलिश निर्वासितांना दूध घालायचे. मुलगा म्हणतो, आधी पोटोबा मग विठोबा. काय करू?

बाई, वळिवड्याचं नाव वाचलं आणि तुमच्या आकड्यांकडे जरा उशिराच वळलो. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेली सुमारे ५ हजार पोलिश माणसं १९४३ पासून काही वर्षं तिथं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा होत्या, चर्च होतं. लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारकडून खर्चाला पैसे येत. तुमच्या वडिलांना दुधाचं बिल वेळेवर मिळत असेल तर ते त्यामुळेच.

आता याच्या उलट चित्र बघा. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांत, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांना माणशी महिना १२ डॉलरचं रेशन मिळायचं. देणग्या आटल्या, म्हणून मार्च २०२३ मध्ये ते १० वर आणलं, जूनमध्ये ८ वर. माणसं तीच, भूकही तीच. फक्त टीव्हीवरून बातमी गेली होती. २०२४ च्या अखेरीस जगभरात १२.३२ कोटी माणसं घरादारातून उठलेली होती आणि त्यांतली कित्येक वर्षानुवर्षं परत जाऊ शकत नाहीत. म्हणून एकदाच येणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा ठरल्या वेळी येणारी छोटी रक्कम मला मोलाची वाटते.

माझा हिशेब असा. १ लाख आत्ता द्या. उरलेले ४ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ८,२०० रुपये येतील, ते सगळे देत राहा. पाच वर्षांत एकूण २ लाख ६४ हजार गेलेले असतील आणि मुद्दल तुमच्या हातात. महागाईनं त्याची किंमत घटेल हे खरं, पण मध्येच नड आली तर दंड सोसून का होईना, ते मोडता येईल. दिलेली देणगी मोडता येत नाही. पुढे ते ४ लाखही द्यावेसे वाटले तर मृत्युपत्रात तसं लिहा, मुलाला सांगून.

‘फक्त सुदानसाठी’ अशी अट घालू नका. युद्ध एप्रिल २०२३ पासून चालू आहे, लाखो लोक शेजारच्या चाडमध्ये गेले, तुमची कळकळ मला पटते. पण अटीत अडकलेला पैसा उद्या दुसरीकडे आग लागली तर तिथं नेता येत नाही.

कर वाचवण्याचा विचार सोडूनच द्या. नव्या करप्रणालीत देणगीवर वजावट नाही आणि तुमच्या उत्पन्नावर तसाही कर बसत नाही. पैसे परदेशी संस्थेला थेट पाठवता येतात, बँकेत ए-२ फॉर्म भरावा लागतो, पण ८,२०० पाठवायला बँकेचे चार्जेस कशाला भरायचे? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्यालय दिल्लीत आहे, रुपयांतच द्या. मॉलमध्ये टॅब घेऊन देणग्या मागणाऱ्या पोरांकडे मात्र मॅन्डेटवर, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायच्या परवानगीवर, सही करू नका. मुलं बिचारी चांगली असतात, पण रक्कम आणि शेवटची तारीख घरी चष्मा लावून वाचायची गोष्ट आहे.

मुलाचं एक मात्र बरोबर आहे. ३ लाखांचा मेडिक्लेम तोकडा आहे. सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारा जोडविमा, घ्याच, पण त्याला प्रतीक्षा काळ असतो, गुडघ्याला तो लगेच लागू होणार नाही. तेव्हा ३ लाख वेगळ्या मुदतठेवीत काढून ठेवा आणि मगच पोस्टात जा.